बापाकडे होतं, लेकाकडे नाही

१९७६ साली ‘ह्यूमन जेनेटिक्स’ या नियतकालिकात सहा पानांचा एक निबंध आला. लेखक दोघं होते. लुचियानो तिएपोलो आणि ऑर्सेट्टा झुफार्दी, उत्तर इटलीतल्या पाविया विद्यापीठातले. मूल होण्यात अडचण असलेल्या ११७० पुरुषांची गुणसूत्रं त्यांनी तपासली होती. त्यातल्या पाच जणांमध्ये वाय गुणसूत्राची लांब भुजा टोकाकडून तुटलेली सापडली. सहावा माणूस भलत्याच कारणाने हाती लागला. त्याच्या हाडांत किरकोळ दोष होता, म्हणून त्याच्या गुणसूत्रांची तपासणी झाली आणि वाय आखूड निघालं. सहाही जण शरीराने चारचौघांसारखे पुरुष होते, आणि सहाही जणांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नव्हता. आपल्याकडे दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं म्हणतात तसा ‘काउंट निल’.

निबंधाचा निष्कर्ष एका वाक्याचा होता: शुक्रजंतू तयार करवणारं काहीतरी वायच्या लांब भुजेवर बसलेलं आहे आणि ते गेलं की कारखाना बंद पडतो. पण या वाक्याच्या पोटात एक कोडं होतं. मूल न होणं आनुवंशिक असू शकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. ज्याला मूलच नाही तो आपला दोष देणार कुणाला? त्यातून वाय हे तर बापाकडून मुलाला जसंच्या तसं मिळणारं गुणसूत्र. मुलाचं वाय तुटकं असेल तर बापाचंही तुटकं असायला हवं, आणि बापाचं तुटकं असेल तर हा मुलगा आला कुठून? डॉक्टरमंडळी कितीतरी वर्षं गालगुंड, जुना ताप, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, व्यसनं यांच्याकडेच बोट दाखवत राहिली, त्यामागे हा साधा हिशेबही होता. रक्तातून येणारी गोष्ट म्हणून तिकडे कुणी पाहतच नव्हतं.

खरं तर ६० वर्षं आधी उत्तराचं एक टोक सापडून गेलं होतं. १९०५ साली अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स यांनी पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी पाहताना दाखवून दिलं की नराच्या पेशीत एक गुणसूत्र जोडीदारापेक्षा चांगलंच लहान असतं आणि नर-मादी त्यावरून ठरते. ते लहान गुणसूत्र म्हणजे वाय. पुढे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांच्या माश्यांच्या खोलीत काम करणारे कॅल्विन ब्रिजेस यांना वाय नसलेले फळमाश्यांचे नर सापडले. ते नर दिसायला ठणठणीत होते आणि माद्यांशी जुगतही होते, पण त्यांना प्रजा होत नव्हती. माशीत वायचं काम नर घडवण्याचं नाही, नराला बाप करण्याचं आहे, हे तिथेच सिद्ध झालं होतं.

मग १९५९ साल उजाडलं. एडिनबर्गला पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये वर्णन केलेल्या विकाराचा एक रुग्ण तपासला. त्याच्या पेशींत दोन एक्स आणि एक वाय अशी जमवाजमव निघाली. दोन एक्स असूनही तो पुरुष होता. त्याच वर्षी एकच एक्स असलेल्या आणि वाय नसलेल्या स्त्रियाही सापडल्या. म्हणजे माणसात वाय असेल तर पुरुष, नसेल तर स्त्री. शोध मोठा होता, पण त्याचा एक तोटा झाला. वायला एक काम मिळालं आणि त्याला दुसरंही काम असेल असा विचारच मागे पडला. ब्रिजेसच्या माश्या ‘माणसात तसं नसतं’ या शेऱ्यानिशी बासनात गेल्या.

वायबद्दल मग जे काही लिहिलं जाई ते वाचून आज हसू येतं. आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत वायचं म्हणून हटकून एकच लक्षण असे: पुरुषांच्या कानांवरचे केस. हैदराबादपासून कोलकात्यापर्यंतच्या आजोबांच्या कानांवर या शास्त्राचा सगळा भार. (पुढे डीएनएच्या तपासणीत तेही वायच्या खात्यातून वजा झालं.) पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी तर वायला थेट गुन्हेगार ठरवलं. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधल्या बंदिस्त मनोरुग्णालयात एक वाय जास्त असलेले काही उंच पुरुष सापडले आणि ‘दोन वायवाले ते खुनी’ असा गाजावाजा झाला. शिकागोत आठ परिचारिकांची हत्या करणारा रिचर्ड स्पेक त्यातलाच, अशी बातमी छापली गेली आणि ती साफ खोटी निघाली. डेन्मार्कमधल्या हजारो पुरुषांच्या पाहणीने दोन वाय आणि हिंसक वृत्ती यांचा संबंध फेटाळला, तोही १९७६ मध्येच. एकाच वर्षी वायवरचा खुनाचा आरोप ढासळला आणि पावियाच्या जोडीने त्याचं खरं काम दाखवलं. गाजावाजा मात्र पहिल्याचाच झालेला होता.

पावियाच्या निबंधातली युक्ती थोडी जवळून बघण्याजोगी आहे. १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये टॉर्ब्यॉर्न कास्परसन आणि लोरे झेक यांनी क्विनाक्रिन नावाचं, एरवी मलेरियावर दिलं जाणारं औषध गुणसूत्रांवर चढवलं आणि ती अतिनील प्रकाशात पाहिली. अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाच्या नळीत फिकट पट्ट्यांचे तुकडे विखुरलेले दिसत, आणि त्यांत एका छोट्याशा तुकड्याचं टोक लखलखत असे. ते वायचं टोक. पण हे लखलखतं टोक माणसागणिक लहान-मोठं असतं. काहींत ते जवळजवळ नसतंच, आणि त्यांना मुलं मात्र होतात. तिएपोलो आणि झुफार्दी यांनी यावर बोट ठेवलं. आपल्या रुग्णांत नुसतं चकाकणारं टोक गेलेलं नाही, त्याला लागून असलेल्या न चकाकणाऱ्या भागाचाही लचका गेलेला आहे. टोक जाऊन बिघडत नाही, मग जे बिघडलंय ते त्या अंधाऱ्या भागामुळे. एवढं तर्कशास्त्र आणि एवढेच सहा रुग्ण. डीएनए वाचायची सोय नव्हती आणि जनुक हातात येण्याची शक्यताही नव्हती. शोधलेलं-न शोधलेलं हे जे काही होतं, त्याला पुढे ‘एझेडएफ’ म्हणजे शुक्रजंतूशून्यतेचा घटक असं नाव पडलं.

हे पावियातच घडावं यात एक गंमत आहे. याच विद्यापीठात अठराव्या शतकात लाझारो स्पालांझानी हे पाद्री-प्राध्यापक होते. त्यांनी नर बेडकांना रेशमी कापडाच्या इवल्या चड्ड्या शिवून घातल्या. चड्डीतल्या नरांनी माद्यांना मिठ्या मारल्या, पण अंडी उजवली नाहीत. मग चड्डीत साठलेले थेंब टिपून अंड्यांवर लावले, तर पिल्लं निघाली. पुढे त्यांनी वीर्य गाळून पाहिलं. गाळून खाली आलेलं पाणी निरुपयोगी निघालं, आणि गाळणीवर राहिलेला साका अंडी उजवणारा. शुक्रजंतू नेमके त्या साक्यात होते. उत्तर गाळणीवर पडलेलं असूनही स्पालांझानी शेवटपर्यंत मानत राहिले की शुक्रजंतू हे वीर्यात राहणारे परजीवी आहेत, गर्भधारणेशी त्यांचं देणंघेणं नाही. प्रयोग इतका चोख आणि अनुमान इतकं चुकीचं, अशी दुसरी जोडी शास्त्राच्या इतिहासात शोधावी लागेल. १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा यांनी तीच गाळणी पुन्हा लावली आणि शुक्रजंतूंना त्यांचं श्रेय दिलं.

त्याच पावियात १८६५ मध्ये एन्रिको सेर्तोली हा २३ वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी वृषणाचे काप बघत होता. वृषण म्हणजे आत घड्या घालून कोंबलेल्या केसासारख्या बारीक नळ्यांचा गुंता. नळीच्या भिंतीलगत सेर्तोलीला फांद्या फुटलेल्या उंच पेशी दिसल्या. त्या शुक्रजंतू होत नाहीत, पण होणाऱ्या प्रत्येकाला कडेवर घेऊन उभ्या असतात. भिंतीजवळच्या मूळ बीजपेशी विभागत जातात, गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन होतं, मग गोल पेशींना शेपूट फुटतं, डोक्यातला डीएनए नेहमीच्या गुंडाळीतून सोडवून प्रोटामिन नावाच्या प्रथिनावर आवळून बसवला जातो. (हे प्रोटामिन मीशर यांनी ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या शुक्रजंतूंतून १८७४ मध्येच वेगळं काढलं होतं.) या सगळ्या काळात या पेशी सेर्तोलीच्या पेशींच्या फांद्यांमध्ये चिकटून भिंतीकडून नळीच्या पोकळीकडे सरकत असतात.

या प्रवासाला किती दिवस लागतात हे कसं कळलं त्याची कथा मात्र मन विटवणारी आहे. अमेरिकेत कार्ल हेलर यांनी कॅनडाच्या इव्ह क्लेरमाँ यांच्यासोबत १९६३ मध्ये किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने हिशेब मांडला आणि तो ६४ दिवस आला. हेच हेलर त्या वर्षापासून ओरेगॉनच्या तुरुंगात कैद्यांच्या वृषणांवर क्ष-किरण सोडत होते. अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर, दहा वर्षं, ६७ कैदी. किती किरणांनी शुक्रजंतू बंद पडतात आणि किती दिवसांनी पुन्हा सुरू होतात याचे तक्ते तयार झाले. प्रयोग संपल्यावर नसबंदी करून घ्यायची ही अट होती. बिघडलेल्या बीजातून मूल होऊ नये ही काळजी घेतली गेली, पण ज्याचं बीज बिघडवलं त्या माणसाचं काय, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. वृषणाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं काही अशा मार्गाने आलेलं आहे, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नसतं.

पावियाच्या निबंधानंतर जवळजवळ १५ वर्षं गाडी पुढे सरकली नाही. सूक्ष्मदर्शकाला लाखो अक्षरांचा तुकडा गेला तरच काही दिसतं, त्याहून लहान मोडतोड दिसत नाही. दरम्यान वायवर सगळ्यांची धाव होती ती लिंग ठरवणाऱ्या जनुकासाठी. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हाइटहेड संस्थेतले डेव्हिड पेज यांनी १९८७ मध्ये ते सापडल्याचं जाहीर केलं. ते चुकीचं जनुक होतं. १९९० मध्ये लंडनच्या पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी खरं जनुक शोधलं, आणि पेज यांच्या हाती राहिलं ते केवळ वाय गुणसूत्र, प्रयोगशाळा आणि फजिती. दुसरा कुणी विषय बदलून मोकळा झाला असता. पेज वायलाच चिकटून राहिले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने वायचा नकाशा तयार केला. त्यात ठरावीक अंतरावर ओळखता येतील अशा खुणा होत्या, जणू मैलाचे दगड.

या नकाशामुळे काम सोपं झालं. रुग्णाच्या रक्तातून डीएनए काढायचा, एकेक खूण पीसीआरने वाढवायची आणि जेलवर पळवायची. खूण असेल तिथे पट्टी उमटते. रांगेत पट्टी, पट्टी, पट्टी, मग दोन-चार घरं कोरी, मग पुन्हा पट्टी. ती कोरी घरं म्हणजे गेलेला तुकडा. शेजारच्या ओळीत त्याच माणसाच्या वडिलांचा डीएनए. तिथे सगळ्या पट्ट्या जागच्या जागी.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये पेज यांच्या गटाने ८९ शुक्रजंतूशून्य पुरुषांचा निकाल छापला. रुग्ण फिनलंडचे आणि अमेरिकेतले. १२ जणांच्या वायवर एकाच परिसरातला तुकडा गायब होता. मुलं झालेल्या ९० पुरुषांत एकाचाही तसा नव्हता, आणि या १२ जणांच्या पुरुष नातेवाइकांत ज्यांची तपासणी झाली त्यांच्यातही नव्हता. कोड्याचं उत्तर हे असं होतं. बापाचं वाय अख्खं होतं. ते तुटलं ते बापाच्या वृषणात, त्या एका शुक्रजंतूच्या घडणीत, ज्यातून हा मुलगा जन्मला. त्यामुळे बापाला मूल होतं आणि त्या मुलाला होत नाही. दोष रक्तातून आला, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आला नाही. दर वेळी नव्याने घडला. गायब तुकड्यात जे जनुक सापडलं त्याला ‘डॅझ’ नाव दिलं. त्यातून बनणारं प्रथिन फक्त बीजपेशींत असतं आणि आरएनएला धरतं, म्हणजे जनुकांचे निरोप कधी वाचायचे, कधी दाबून ठेवायचे याच्या कामात असतं.

यावर एडिनबर्गच्या लोकांनी भुवया उंचावल्या. अ‍ॅन चँडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंध्य पुरुषांची गुणसूत्रं वर्षानुवर्षं तपासली होती आणि १९९३ मध्येच वायवरच्या एका वेगळ्या जनुक-कुटुंबाकडे बोट दाखवलं होतं. तेही आरएनएला धरणारं, तेही वृषणातलं. खरा एझेडएफ कुणाचा? भांडण मिटवलं हायडलबर्गच्या पीटर फोग्ट यांनी, १९९६ मध्ये, ३७० पुरुषांचा डीएनए ७६ खुणांवर तपासून. एझेडएफ एक नव्हताच, तीन होते. ए, बी आणि सी, लांब भुजेवर ओळीने. एडिनबर्गचं जनुक बीमध्ये, पेज यांचं सीमध्ये. आणि तीन तुटींचे वृषणातले परिणामही वेगवेगळे होते. ए अख्खा गेला की नळीत बीजपेशीच नसतात, काचपट्टीवर उरतात त्या नुसत्या सेर्तोलीच्या पेशी, पावियाच्या त्या विद्यार्थ्याने पाहिलेल्या, कडेवर कुणीच नसलेल्या. बी गेला की पेशी असतात पण गुणसूत्रं निम्मी करण्याच्या टप्प्यावर अडकून पडतात. सी गेला तर काही सांगता येत नाही. कुणाच्या वीर्यात शून्य, कुणाच्या अगदी थोडे, कुणाच्या वीर्यात नाहीत पण वृषणात शोधले तर सापडतात.

फोग्ट यांच्या यादीत १२ तुटी नव्या होत्या आणि तेरावी वडिलांकडून आलेली. हा अपवाद त्या वेळी जरा बाजूलाच पडला. त्याच्याकडे परत यावं लागणार आहे.

डॅझचा मागोवा घेताना आणखी एक गोष्ट कळली. १९९६ मध्ये फळमाशीत ‘बूल’ नावाचं जनुक मिळालं. ते बिघडलं की नराच्या बीजपेशी निम्मं करणाऱ्या विभाजनात शिरतच नाहीत. ते डॅझचं नातेवाईक निघालं. ब्रिजेसच्या माश्यांना बासनातून काढायची वेळ आली होती, एवढंच की माशीत हे जनुक वायवर नाही. माणसातही डॅझची मूळ प्रत तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. पेज यांच्याच प्रयोगशाळेतल्या रिचा सक्सेना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या वानर पूर्वजांमध्ये केव्हातरी त्या प्रतीची नक्कल वायवर येऊन पडली, मग तिच्या प्रती वाढल्या. आफ्रिका-आशियाच्या माकडांत ती वायवर आहे, अमेरिकेतल्या माकडांत नाही. वाय म्हणजे झिजत चाललेला एक्सचा भाऊ, एवढंच चित्र तोवर रंगवलं जाई. इथे तर तो भाऊ बाहेरून माल आणून साठवत होता.

पण मग वाय तुटतं का, आणि नेमकं तिथेच का? उत्तर २००१ ते २००३ या काळात मिळालं. वाय वाचणं हे इतर गुणसूत्रांपेक्षा फार कटकटीचं काम होतं, कारण त्यात तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि तुकडे जुळवणाऱ्याला आपण पुढे गेलो की मागे हेच कळत नाही. म्हणून पेज आणि सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या वाचकांनी एकाच पुरुषाचं वाय घेतलं. दोन माणसांची सरमिसळ केली असती तर दोन प्रतींतला फरक आणि दोन माणसांतला फरक वेगळा काढता आला नसता. १९ जून २००३ च्या ‘नेचर’मध्ये निकाल आला. लांब भुजेवर आठ महाकाय विलोम रचना होत्या. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं, तशा. फक्त डीएनएत उलटं वाचायचं ते समोरच्या धाग्यावर. सगळ्यात मोठी रचना २९ लाख अक्षरांची, आणि तिच्या दोन बाजू एकमेकींशी ९९.९७ टक्के जुळणाऱ्या. डॅझच्या चारही प्रती या परिसरात.

इतकं जुळणं हे योगायोगाने होत नाही. इतर गुणसूत्रांना जोडीदार असतो. एका प्रतीत चूक झाली तर दुसरीवरून बघून दुरुस्त करता येते. वायला त्याच्या बहुतेक लांबीत जोडीदारच नाही. म्हणून त्याने स्वतःच्या पोटात दुसरी प्रत ठेवली आणि एका बाजूवरून दुसरी दुरुस्त करण्याची सोय केली. शुक्रजंतूंची जनुकं लाखो वर्षं टिकली ती या दुरुस्तीमुळे. पण दुरुस्तीसाठी दोन सारखे भाग एकमेकांजवळ यावे लागतात, आणि सारखे भाग दोनच नाहीत, बरेच आहेत. कधीतरी चुकीच्या दोघांची गाठ पडते. सी विभागाच्या दोन टोकांना २ लाख २९ हजार अक्षरांचे दोन सारखे तुकडे आहेत. ते एकमेकांना बिलगले की मधला ३५ लाख अक्षरांचा फेरा बाहेर फेकला जातो आणि त्याच्याबरोबर डॅझच्या चारही प्रती. म्हणून तर हेल्सिंकीच्या माणसात आणि हैदराबादच्या माणसात तूट एकाच जागी, एकाच मापाची असते. सुमारे ४,००० पुरुषांमागे एकात ती असावी असा अंदाज तेव्हा मांडला गेला. ज्या व्यवस्थेने वाय वाचवलं त्याच व्यवस्थेने ते तोडलं. अभियंत्याला हा आराखडा दाखवला तर तो नापास करेल. उत्क्रांतीला मात्र सरासरी बरी असली की पुरते. एखाद्या घराचा वंश तिथे थांबला याचं तिला सोयरसुतक नसतं.

हैदराबादचा उल्लेख केला तो उगाच नाही. पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंह वायच्या नादाला फार आधीपासून लागले होते. एडिनबर्गला असताना त्यांनी पट्टेरी मण्यार या सापाच्या मादीच्या लिंग-गुणसूत्रातून डीएनएचा एक तुकडा काढला होता. तसाच तुकडा उंदराच्या वायवर सापडला, आणि पुढे त्यांनी गुन्हे-तपासासाठी डीएनए ठशांचं देशी तंत्र उभं केलं ते या तुकड्याच्या जोरावर. याच केंद्रात कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी ३४० शुक्रजंतूशून्य भारतीय पुरुषांचं वाय तपासलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: २९ जणांत तुटी, म्हणजे साडेआठ टक्के. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतही या तुटींचा अभ्यास झाला. हीच ती संस्था, जिच्या टी. सी. आनंदकुमार यांच्या जोडीने डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी १९८६ मध्ये केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली.

साडेआठ टक्के म्हणजे उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांची कारणं दुसरीकडे. काहींत क्लाइनफेल्टरचा जादा एक्स, काहींत शुक्रजंतू तयार असून वाहून नेणारी नळीच नाही, आणि बऱ्याच जणांत अजूनही ‘कारण अज्ञात’. पण साडेआठ टक्के हा आकडा आपल्या घरांत काय करतो ते पाहा. लग्नाला दोन वर्षं झाली की सून डॉक्टरकडे. तिचं रक्त, तिची सोनोग्राफी, तिची दुर्बिणीची तपासणी, सोबतीला सोमवार आणि नवस. नवऱ्याची वीर्यतपासणी, जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी, ती सगळ्यात शेवटी, तीही बाई हात जोडून म्हणाली तर. जुन्या काळी दुसरी बायको करत. तिलाही होत नसे, तरी खापर तिच्याच कपाळी. आजही कुणी रिपोर्ट घेऊन आलं तर पहिलं वाक्य असतं, ‘पण बाकी सगळं नॉर्मल आहे हो.’ खरंच असतं. पावियाच्या सहाही जणांचं होतं.

आता फोग्ट यांच्या तेराव्याकडे. सी विभागाची तूट असलेल्या माणसात कधी कधी थोडे शुक्रजंतू असतात आणि वय वाढेल तसे कमी होत जातात, हे पुढे लक्षात आलं. अशा माणसाला तरुणपणी नशिबाने मूल झालं तर तूट मुलाकडे जाते. हे क्वचित घडे. मग नव्वदच्या दशकाची सुरुवात झाली. ब्रुसेल्समध्ये जाँपिएरो पालेर्मो हे इटालियन तरुण डॉक्टर बीजांडाच्या कवचाखाली शुक्रजंतू सोडण्याचा प्रयत्न करत होते. सुई जरा खोल गेली, शुक्रजंतू थेट बीजांडात पडला, आणि बीजांड फलित झालं. त्या चुकीतून ‘इक्सी’ जन्मली: एक बीजांड, एक शुक्रजंतू, एक सुई. लाखो शुक्रजंतूंची गरजच संपली. वृषणात शस्त्रक्रियेने शोधून एखाद-दुसरा सापडला तरी पुरे.

इक्सी आली तेव्हा डॅझ सापडायला तीन वर्षं होती. म्हणजे ज्यांच्यावर ती केली गेली त्यांच्यापैकी काहींचं वाय तुटकं आहे हे करणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि करून घेणाऱ्यालाही. १९९९ मध्ये पेज आणि सहकाऱ्यांनी सी विभागाची तूट असलेल्या बापांच्या इक्सीतून झालेल्या मुलांचा डीएनए तपासला. तूट बापाकडून लेकाकडे जशीच्या तशी उतरली होती. मुलींना अर्थातच काही नाही, त्यांना वाय मिळतच नाही. जी गोष्ट निसर्गात दर पिढीला नव्याने घडून तिथेच मिटत होती, ती आता खरोखरच वारशाने जाऊ लागली.

म्हणून आज काउंट निल किंवा फार कमी असलेल्या माणसाला इक्सीच्या आधी वायची तपासणी सांगितली जाते. तिचा उपयोग दोन्ही बाजूंनी आहे. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर वृषणात सुई घालून उपयोग नाही हे आधीच कळतं आणि माणूस एका शस्त्रक्रियेतून वाचतो. सी गेला असेल तर आशा आहे, पण मुलगा झाला तर त्याचा रिपोर्ट आजच लिहून ठेवता येतो. समुपदेशनाच्या खुर्चीत बसलेल्या जोडप्याला हे सांगावं लागतं. त्यांना मूल हवं असतं, नातवंडांचा प्रश्न त्यांच्यासाठी पंचवीस वर्षं लांबचा असतो. त्यांना दोष देणं मला जमत नाही.

ब्रुसेल्सच्याच दवाखान्याने २०१६ मध्ये त्या पहिल्या पिढीतल्या ५४ तरुणांची पाहणी छापली. वय १८ ते २२. सगळे बापाच्या कमी काउंटमुळे इक्सीने जन्मलेले. त्यांच्या वीर्यात दर मिलिलिटरला मध्यक १ कोटी ७७ लाख शुक्रजंतू भरले. नेहमीच्या मार्गाने जन्मलेल्या त्यांच्याच वयाच्या ५७ तरुणांत ३ कोटी ७० लाख. बापाच्या आकड्यावरून लेकाचा आकडा मात्र नेमका सांगता येत नव्हता, कारण सगळ्यांचीच कारणं वायवर नव्हती. हे तरुण आता तिशीच्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या काहींना मूल हवं असेल तेव्हा ते कदाचित त्याच दवाखान्यात जातील.